रॉकरपर्यंत तेल पोहोचतेय का? जुन्या गाडीचे इंजिन बांधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने इंजिन पूर्ण खोलून पुन्हा बांधले की क्रँकची बेअरिंगे, पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हच्या सीटा यांवर सगळ्यांचे बारीक लक्ष असते. हेडवर बसून व्हॉल्व्ह खाली दाबणारा छोटा तरफेसारखा भाग म्हणजे रॉकर मात्र "वरचेच तर आहे, नंतर बघू" म्हणून मागे पडतो. खालची प्रश्नोत्तरे त्या वरच्या मजल्याची आहेत. मोजमापे जिथे दिली आहेत तिथे थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. तुमच्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर मॅन्युअलचाच धरा.

ऑइल प्रेशर छान दाखवतेय. मग रॉकरचे तेल वेगळे का तपासायचे?

कारण काटा ज्या ठिकाणचे प्रेशर दाखवतो तिथून रॉकर बराच लांब असतो. गेजची नळी किंवा सेंडर (प्रेशर ओळखणारा भाग) साधारणपणे मुख्य ऑइल गॅलरीला, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या मुख्य वाटेला, जोडलेला असतो. रॉकर हे तेलाच्या प्रवासातले शेवटचे ठिकाण. गॅलरीपासून वर जाणारी वाट बुजली तर प्रेशर पडत नाही. उलट तेल बाहेर पडायची एक जागा कमी झाल्याने काटा नेहमीपेक्षा किंचित वरच राहू शकतो. म्हणजे चार बार प्रेशर आणि वरचे सगळे रॉकर कोरडे, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

कोरड्या रॉकरला फार वेळ लागत नाही. एका टोकाला पुशरॉड (कॅमची हालचाल वर नेणारी दांडी) वर ढकलतो, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंग वर ढकलते आणि मधला बुश (रॉकरच्या भोकातले धातूचे अस्तर) शाफ्टवर, म्हणजे रॉकर ज्या दांड्यावर हलतो त्यावर, दाबला जातो. मध्ये तेलाचा थर नसेल तर बुशचा धातू शाफ्टला चिकटू लागतो, शाफ्टवर निळसर डाग येतात आणि टॅपेटची गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली ठरावीक फट) वाढत जाते. आवाज येऊ लागतो तोपर्यंत शाफ्ट गेलेला असतो. म्हणून या कामात आमचा एकच आग्रह आहे: इंजिनला पहिला सेल मारण्याआधी प्रत्येक रॉकरवर तेल आलेले डोळ्यांनी पाहा.

माझ्या इंजिनात तेल वर जाते तरी कुठून?

हे आधी ठरवा, कारण पुढची सगळी तपासणी त्यावर अवलंबून आहे. जुन्या इंजिनांत मुख्यतः तीन वाटा दिसतात.

पहिली शाफ्टची. बीएमसीची ए आणि बी सिरीज, ट्रायम्फची चार आणि सहा सिलिंडरची पुशरॉड इंजिने, क्रायस्लरचे एलए व्ही-८, फोर्डचे एफई ही सगळी या घराण्यातली. पंपातून तेल मुख्य गॅलरीत, तिथून मेन बेअरिंगांना, तिथून कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्याच्या) बेअरिंगांना जाते. त्यांतल्या एखाद्या कॅम बेअरिंगपासून ब्लॉकमध्ये वर जाणारे भोक असते. ते हेड गॅस्केटमधून हेडमध्ये, हेडमधून रॉकर शाफ्टच्या एखाद्या पेडेस्टलमध्ये (शाफ्ट धरणाऱ्या खांबात) आणि तिथून पोकळ शाफ्टमध्ये उघडते. शाफ्टला प्रत्येक रॉकरखाली एकेक भोक असते.

दुसरी पुशरॉडची. १९५५ साली आलेले शेवरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ हे तिचे सर्वांत माहितीचे उदाहरण. हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलमध्येही तेल पोकळ पुशरॉडमधूनच वर येते. इथे तेल टॅपेटमध्ये (कॅमवर टेकून पुशरॉडला वर ढकलणाऱ्या भागात) शिरते, पुशरॉडच्या पोटातून चढते आणि वरच्या टोकाच्या भोकातून रॉकरवर येते.

तिसरी वरच्या कॅमची. फोर्डचे १९७० मध्ये आलेले पिंटो ओव्हरहेड कॅम इंजिन किंवा बीएमडब्ल्यूचे एम-३० सहा सिलिंडर इंजिन घ्या. त्यांत कॅमच्या वर एक बारीक भोकांची नळी बसवलेली असते, तीच कॅमवर आणि रॉकरवर तेल शिंपडते.

खोलतानाच काय काय नोंदवून ठेवायचे?

धुण्याआधीच पाहा. तेलाची खरी हकीकत मळलेल्या भागांवर लिहिलेली असते, रॉकेलने धुतले की ती पुसली जाते. कोणत्या रॉकरभोवती ओलसर काळे तेल आहे, कोणत्या रॉकरभोवती सुकलेला तपकिरी थर आहे, कोणता निळा पडलाय हे लिहून ठेवा. सलग दोन-तीन रॉकर कोरडे आणि ते सगळे शाफ्टच्या एकाच टोकाचे असतील तर तिथपर्यंत तेल पोहोचत नव्हते, हे आत्ताच कळाले.

त्याशिवाय:

- शाफ्टचे पुढचे टोक कुठले आणि खाच, खूण किंवा लॉकिंग स्क्रू कुठे आहे.
- तेलाचे भोक असलेले पेडेस्टल कितवे आहे. पेडेस्टल उलटे धरले की लगेच दिसते.
- पेडेस्टलखाली शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) आहेत का, किती आहेत, आणि कोणत्या शिमला भोक आहे.
- सगळे बोल्ट एकसारखे आहेत का. काही इंजिनांत तेल पेडेस्टलच्या बोल्टभोवतीच्या फटीतून वर जाते आणि त्या एका बोल्टचा दांडा मुद्दाम बारीक केलेला असतो. तो दुसऱ्या जागी गेला आणि त्याच्या जागी जाड दांड्याचा बोल्ट बसला की वाट बंद.

नट थोडे थोडे, सगळे आलटून पालटून सैल करा. एकच टोक पूर्ण मोकळे केले तर स्प्रिंगांच्या जोराने शाफ्ट वाकतो. बीएमसी बी सिरीजमध्ये पेडेस्टलचे चार नट हेडही धरून ठेवतात. हेड काढायचे नसले तरी तिथे आधी कूलंट काढून घ्या आणि हेडचे सगळे नट क्रमाने सैल करा, नाहीतर गॅस्केटची पकड सुटून पाणी सिलिंडरमध्ये जाऊ शकते.

शाफ्टची झीज कुठे पाहायची आणि किती चालते?

खालच्या बाजूला. रॉकर दोन्ही टोकांनी वर ढकलला जातो, म्हणजे बुशचा खालचा भाग शाफ्टच्या पोटावर घासतो. वरून पाहिले तर शाफ्ट अनेकदा नवा कोरा वाटतो. तो काढून उलटा धरा आणि रॉकर बसायची जागा नि मधली मोकळी जागा यांच्या सीमेवरून नख फिरवा. नख अडकले तर पायरी पडली आहे, आणि नखाला जाणवणारी पायरी असलेला शाफ्ट पुन्हा वापरू नका.

नख अडकले नाही तरी मायक्रोमीटर लावा. दोन रॉकरांमधल्या न झिजलेल्या जागी एक माप, रॉकरच्या जागी उभे एक आणि आडवे एक. बुश आणि शाफ्टमधली नवी फट बहुतेक इंजिनांत अर्धा ते दोन थाउ, म्हणजे ०.०१३ ते ०.०५ मिलिमीटर असते. तीन-चार थाउंच्या पुढे गेली की शाफ्ट किंवा बुश किंवा दोन्ही बदलायचे. आवाजाचा त्रास तर आहेच, पण मोठी अडचण तेलाची. सैल बुशातून तेल बदाबदा निसटते आणि शाफ्टच्या लांबच्या टोकाला काही उरत नाही. पहिले चार रॉकर ढिले असतील तर आठवा कोरडा राहतो, जरी आठव्याचा स्वतःचा बुश उत्तम असला तरी.

झिजलेला शाफ्ट फिरवून, न झिजलेली बाजू खाली करून बसवला तर?

नको. भोकेही त्याच्याबरोबर फिरतात. भार पडणाऱ्या बाजूला तेल मिळावे अशी जागा धरून ती पाडलेली असतात. वर गेली की तेल बिनभाराच्या फटीतून वाहून जाते आणि ज्या जागेला थर हवा ती उपाशी राहते. शिवाय पेडेस्टलमधून तेल शिरायचे भोकही जागेवर येत नाही, मग शाफ्टमध्ये तेलच शिरत नाही.

नवा शाफ्ट बसवतानाही हीच चूक होते. क्रायस्लरच्या व्ही-८ मध्ये शाफ्टची भोके खाली आणि व्हॉल्व्हच्या बाजूला तोंड करून बसतात, आणि टोकाची खाच त्यासाठीच असते. तुमच्या इंजिनाची खूण मॅन्युअलमध्ये बघा आणि जुन्या शाफ्टची नोंद तिच्याशी ताडून पाहा. जुना शाफ्ट आधीच कुणीतरी उलटा बसवलेला असू शकतो.

रॉकरचे बुश बदलताना तेलाच्या दृष्टीने काय सांभाळायचे?

गुंडाळलेल्या पट्टीच्या बुशला एक सांधा असतो. तो बिनभाराच्या बाजूला, म्हणजे वर ठेवा. आतली तेलाची चर खाली, भाराच्या बाजूला. रॉकरच्या अंगात पुशरॉडच्या कपाकडे किंवा टोकाकडे जाणारे भोक असेल तर बुश दाबून बसवल्यावर त्याच भोकातून ड्रिल घालून बुशलाही भोक पाडावे लागते. हे विसरले की रॉकर शाफ्टवर मस्त फिरतो, पण अॅडजस्टिंग स्क्रूचा गोळा कोरडा राहून खड्डा पडतो.

ड्रिलनंतर रीमर (भोक अचूक मापाला आणणारे हत्यार), रीमरनंतर धुणे, हा क्रम मोडू नका. ड्रिलची आतली कड रीमरने निघते, आणि रीमरचा किस चरीत अडकतो तो ब्रशने आणि हवेने काढावा लागतो. रीमर मारताना मधूनमधून शाफ्ट घालून पाहा. तेल लावलेला रॉकर स्वतःच्या वजनाने हळू खाली झुकला पाहिजे. डावीकडे-उजवीकडे डुलला तर जास्त कापले गेले.

दोन पत्रे जोडून केलेल्या रॉकरांना बुश बदलण्याची सोय नसते. तो झिजला की रॉकरच बदला.

शाफ्ट आतून कसा साफ करायचा?

टोकांचे प्लग काढल्याशिवाय साफ होत नाही. बऱ्याच शाफ्टला एका बाजूला आट्यांचा प्लग असतो तो याच कामासाठी. दाबून बसवलेला असेल तर ड्रिल करून काढा आणि नवा मिळतोय याची आधी खात्री करा. आत काय सापडेल? गाळ, जळालेल्या तेलाची खपली, कधीकधी आधीच्या मेकॅनिकने भरमसाट लावलेल्या सीलंटच्या वातीसारख्या पट्ट्या. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवा, लांब दांड्याचा ब्रश आरपार फिरवा, मग प्रत्येक भोकात तार घालून बाहेरून आत ढकला आणि कॉम्प्रेसरची हवा मारा. शाफ्ट उजेडाकडे धरून एका टोकातून पाहा: प्रत्येक भोक छोट्या चांदणीसारखे दिसायला हवे.

वाळूच्या किंवा काचेच्या दाण्यांच्या ब्लास्टिंगला शाफ्ट, रॉकर, पुशरॉड अजिबात देऊ नका. बारीक भोकात अडकलेला एक दाणा नंतर गरम तेलात सुटतो आणि नव्या बुशमध्ये रुततो.

परत जोडताना दोन्ही प्लग बसलेत ना, एवढे दोनदा बघा. एका टोकाचा प्लग राहिला की तेल तिथून सरळ हेडवर सांडते आणि रॉकरांना जाणारे प्रेशरच उरत नाही.

बांधल्यावर वर अजिबात तेल येत नाही. सर्वांत आधी काय तपासू?

इंजिन ताजे बांधलेले असेल आणि शाफ्टच्या घराण्यातले असेल तर संशय कॅमच्या बेअरिंगवर घ्या. कॅमची नवी बेअरिंगे दाबून बसवली जातात आणि त्यांची भोके ब्लॉकच्या भोकांशी जुळवावी लागतात. बेअरिंग दाबताना थोडे फिरले तरी भोक अर्धे झाकले जाते. जरा जास्त फिरले तर पूर्ण बंद होते. काही इंजिनांत सगळी बेअरिंगे दिसायला सारखी, पण वर तेल पाठवणाऱ्या एकाच बेअरिंगला दोन भोके असतात. तेच दुसऱ्या घरात बसले तरी परिणाम तोच.

हे कॅम बसवण्याआधी तपासले तर पाच मिनिटांचे काम आहे, नंतर पूर्ण इंजिन खोलायचे. ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागावरच्या तेलाच्या भोकातून भोकाच्या मापाच्या ड्रिलचा गुळगुळीत दांडा किंवा सरळ तार खाली सोडा. ती बेअरिंगच्या आत निघाली पाहिजे, आणि आत बोट घालून ती पूर्ण भोकातून आलीय की कडेला अडकलीय हे चाचपा. मग खालच्या बाजूने, मेन बेअरिंगच्या भोकातून हवा मारा आणि वरच्या भोकावर तळहात धरा. हवा तळहाताला लागली पाहिजे.

एक गोष्ट सुटते ती कॅमशाफ्टची. पुष्कळ इंजिनांत कॅमच्या त्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) चर किंवा आरपार भोक असते आणि त्यातूनच तेल मोजून वर सोडले जाते. बाजारातला दुसऱ्या प्रकारचा कॅम बसवला, त्याला ती चर नसेल, तर बेअरिंग कितीही बरोबर असले तरी तेल वर जात नाही. जुना आणि नवा कॅम शेजारी ठेवून जर्नल ताडून बघा.

हेड गॅस्केट आणि शिम यांमुळे तेल अडते का?

अडते, आणि ते अगदी साध्या चुकीने. गॅस्केटमध्ये तेलाचे एक छोटे भोक असते, बहुतेकदा एका कोपऱ्यात. गॅस्केट उलटे किंवा मागचे पुढे बसले तर भोकासमोर पत्रा येतो. पुष्कळ गॅस्केटवर वरची आणि पुढची बाजू छापलेली असते. तरीही गॅस्केट ब्लॉकवर नुसते ठेवून भोक भोकावर येतेय का ते पाहा, मग ते हेडला लावूनही पाहा. त्या भोकाजवळ सीलंट लावू नका.

हेड स्किम केले, म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग कापून सपाट केला, असेल तर रॉकर पुशरॉडच्या जवळ येतो आणि भूमिती सांभाळायला पेडेस्टलखाली शिम देतात. तेलाच्या पेडेस्टलखालच्या शिमला भोक हवे. साध्या पत्र्यातून कापलेला, भोक नसलेला शिम तिथे गेला तर सारा शाफ्ट कोरडा. भोक पाडताना कडेचे बुर घासून काढा, नाहीतर पेडेस्टल सपाट बसत नाही आणि तेल सांध्यातून बाहेर येते.

हेड बाकावर असतानाच तेलाची वाट तपासता येते का?

येते, आणि ही आमच्या मते सगळ्यांत मोलाची तपासणी आहे. रॉकर शाफ्ट पूर्ण जोडून पेडेस्टलांसकट हेडवर आवळा. हेड कडेवर उभे करा, खालच्या बाजूचे तेलाचे भोक शोधा. लांब चोचीची ऑइल कॅन घ्या, चोचीभोवती रबराचा तुकडा गुंडाळा म्हणजे भोकाशी तोंड घट्ट बसेल. इंजिन ऑइलच भरा, रॉकेल नको, कारण पातळ द्रव अर्ध्या बुजलेल्या भोकातूनही निघून जातो आणि सगळे ठीक असल्याचा भास होतो.

हळूहळू पंप करा. आधी शाफ्ट भरेपर्यंत काही दिसणार नाही. मग एकेका रॉकरच्या बाजूने तेलाची बारीक कड उमटते, वाढते आणि थेंब ओघळतो. प्रत्येक रॉकर हाताने वरखाली हलवत राहा. सगळ्यांना कमी-अधिक वेळाने तेल यायला हवे. एखादा कोरडाच राहिला तर त्याचे भोक बुजलेय किंवा बुश फिरलाय. टोकाचा प्लग पाझरत असेल तर तेही इथेच दिसेल.

पुशरॉडमधून तेल येणाऱ्या इंजिनात काय वेगळे?

इथे प्रत्येक रॉकरची वाट स्वतंत्र आहे, म्हणून एखादाच कोरडा राहण्याचे प्रमाण जास्त. प्रत्येक पुशरॉडमधून पाइप क्लीनर किंवा बारीक ब्रश आरपार घाला, हवा मारा, उजेडाकडे धरून बघा. मग काचेवर लोळवा. डुगडुगला तर वाकडा आहे, टाका.

रॉकरच्या कपातले भोक स्वतंत्रपणे तपासा, तिथे काळी खपली बसते. शेवरोलेसारख्या पत्र्याच्या रॉकरमध्ये मधला गोळा तेलावर तरंगतो. गोळ्याचा आणि रॉकरच्या वाटीचा निळा पडलेला किंवा ओरखडलेला भाग दिसला तर दोन्ही जोडीने बदला. जुन्या वाटीत नवा गोळा बसवू नका.

सुटे भाग बदलताना फसगत होते ती इथे: भरीव पुशरॉड किंवा तेल वर न सोडणारे टॅपेट या इंजिनात बसते, चालतेही, पण रॉकर कोरडा राहतो. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेल मोजून सोडणारी छोटी चकती असते. टॅपेट खोलून धुतले असतील तर ती जागेवर परत गेलीय याची खात्री करा. आणि वापरलेले टॅपेट आपापल्या जुन्या जागीच परत घाला, नवा कॅम असेल तर टॅपेटही नवे.

ओव्हरहेड कॅमच्या शिंपडणाऱ्या नळीचे काय?

ती काढून भोके मोकळी करा आणि तेल सोडून प्रत्येक धार कॅमच्या योग्य लोबवर (उंचवट्यावर) पडतेय का बघा. फोर्ड पिंटोच्या कॅमची लवकर होणारी झीज याच नळीच्या बुजलेल्या भोकांमुळे बदनाम आहे. इंजिन बांधताना ती नळी नवीनच बसवावी. बीएमडब्ल्यू एम-३० मध्ये नळीचा बँजो बोल्ट (आतून तेल जाणारा पोकळ बोल्ट) सैल होतो आणि तेल वाटेतच सांडते, म्हणून नवे वॉशर घालून, ठरलेल्या टॉर्कने आवळा.

सुरू करण्याआधी तेल वर कसे चढवायचे?

पंप कोण फिरवतो यावर पद्धत ठरते.

डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरून पंप फिरत असेल तर डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिल मशीनने पंप फिरवता येतो. शेवरोले स्मॉल ब्लॉकमध्ये ड्रिल घड्याळाच्या दिशेने फिरवतात. फोर्डच्या स्मॉल ब्लॉकमध्ये उलट्या दिशेने. शेवरोलेमध्ये आणखी एक खाचखळगा आहे: डिस्ट्रिब्युटरचे घर हाच गॅलरीचा एक भाग असतो. नुसता दांडा घालून ड्रिल मारले तर तिथून तेल निसटते आणि वर पोहोचत नाही. घराच्या आकाराची बाही असलेले प्रायमिंगचे (सुरू करण्याआधी तेल चढवण्याचे) हत्यार वापरा.

बीएमसी ए सिरीजमध्ये पंप कॅमच्या मागच्या टोकाला आहे, त्यामुळे ड्रिलचा उपयोग नाही. जोडतानाच पंप तेलाने भरा. नंतर स्पार्क प्लग काढून दहा-पंधरा सेकंदांचे सेल मारा, मध्ये स्टार्टरला विश्रांती द्या. नवा कॅम असेल तर वारंवार सेल मारण्याने लोबवरची असेंब्ली पेस्ट पुसली जाते. अशा वेळी पुशरॉड न घालता सेल मारले तर कॅमवर भार येत नाही आणि शाफ्टवरून रॉकरला तेल आलेले तरीही दिसते. सर्वांत चांगले म्हणजे दाबाखालची तेलाची टाकी प्रेशर सेंडरच्या जागी जोडून गॅलरी भरणे.

पद्धत कुठलीही असो, क्रम असा ठेवा. फिल्टर उभा बसत असेल तर आधी तेलाने भरा. प्रेशर आल्यावर थांबू नका, दोन-तीन मिनिटे चालू ठेवा. रॉकर कव्हर उघडेच असू द्या. ड्रिल किंवा टाकी वापरत असाल तर क्रँक हाताने पाव फेरा फिरवा, पुन्हा पंप करा, असे दोन पूर्ण फेरे होईपर्यंत. कागदावर रॉकरांचे क्रमांक लिहा आणि तेल दिसले की खूण करा.

एका बाजूच्या रॉकरला तेल आले, दुसऱ्या बाजूला अजिबात नाही. खोलायचे का?

थांबा. कॅमच्या जर्नलमधून मोजून तेल सोडणाऱ्या इंजिनांत भोके समोरासमोर येतील तेवढ्याच क्षणी तेल वर जाते. क्रँक स्थिर ठेवून अर्धा तास ड्रिल मारले तरी एक बाजू कोरडी राहू शकते. क्रायस्लर एलए व्ही-८ मध्ये दोन हेडांना तेल क्रँकच्या वेगवेगळ्या स्थितीत मिळते. क्रँक थोडा थोडा फिरवत दोन फेरे पूर्ण केल्यावरही कोरडेच राहिले तर मात्र वर सांगितल्याप्रमाणे बेअरिंग, गॅस्केट, शिम, बोल्ट, शाफ्टची बाजू या क्रमाने तपासा.

जोडताना कोणत्या जागी काय लावायचे?

शाफ्ट आणि बुशला स्वच्छ इंजिन ऑइल किंवा असेंब्ली ऑइल, सढळ हाताने. व्हॉल्व्हचे टोक, रॉकरचे टोक, पुशरॉडची दोन्ही टोके आणि पत्र्याच्या रॉकरचा गोळा यांना मॉलिब्डेनमची पेस्ट. साधे ग्रीस शाफ्टमध्ये भरू नका, ते गठ्ठा होऊन भोकात अडकते आणि तुम्ही सगळी साफसफाई केली त्यावर पाणी पडते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर किती तेल दिसायला हवे?

कारंजी उडताना दिसली नाहीत म्हणून घाबरू नका. गरम इंजिन आयडलला असताना प्रत्येक रॉकरच्या कडेने तेल सतत पाझरत राहणे पुरेसे आहे. थंड इंजिनात, जाड तेल असताना, सगळीकडे दिसायला एखादे-दोन मिनिट लागू शकते. प्राइम नीट केले असेल तर हा वेळ कोरडा जात नाही.

सपाट टॅपेटचा नवा कॅम असेल तर इंजिन सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि वीस मिनिटे त्याच पट्ट्यात कमी-जास्त करत ठेवा. लोबना तेल मुख्यतः क्रँकवरून उडालेलेच मिळते आणि आयडलला ते फार कमी उडते. रॉकर कव्हर उघडे ठेवून एवढ्या वेगाला पाहायला जाऊ नका, तेल बाहेर उडते. तेल पाहायचे ते प्रायमिंगच्या वेळी आणि नंतर आयडलला.

पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज वरून आला तर लगेच बंद करा. तो कोरड्या रॉकरचा असतो आणि वाट बघून तो जात नाही.

बाहेरून वेगळी तेलाची नळी लावून रॉकरला जास्त तेल द्यावे का?

ट्रायम्फ इंजिनांसाठी अशा नळ्या सर्रास विकल्या जातात. आमचे मत स्पष्ट आहे: आतली वाट मोकळी, शाफ्ट आणि बुश मापात असतील तर गरज नाही. गॅलरीतून थेट, न मोजता तेल वर दिले की क्रँकच्या बेअरिंगांचा वाटा कमी होतो, हेडवर तेल साचते आणि व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्हचा दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून) खाली उतरून धूर होतो. झिजलेल्या शाफ्टवर ही नळी म्हणजे फक्त आवाज झाकणे आहे. लावायचीच असेल तर बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर (तेलाचा ओघ कमी करणारा तुकडा) घालूनच लावा.

उलट अडचण आहे. वर तेलाचा पूर आणि सकाळी सुरू करताना निळा धूर.

मूळचा रिस्ट्रिक्टर धुताना पडून हरवला का ते पाहा, तो हेडच्या किंवा ब्लॉकच्या भोकात बसवलेला छोटा जेट असतो. मग परतीच्या वाटा: हेडमधली तेल खाली जायची भोके गाळाने किंवा ओतकामाच्या उरलेल्या कडांनी अरुंद झाली असतील तर तेल तुंबते. गाइड आणि त्यांचे सील त्यानंतर. सुयांच्या बेअरिंगचे रोलर रॉकर बसवले असतील तर त्यांना कमी तेल पुरते, बुशच्या रॉकरला मात्र रिस्ट्रिक्टर उगाच बारीक करू नका.

गॅप बरोबर लावूनही टकटक थांबत नाही. तेलाचाच दोष?

आधी रॉकरचे टोक पाहा. व्हॉल्व्हच्या दांड्याने त्यात खळगा पाडला असेल तर फीलर गेजची सपाट पट्टी खळग्याच्या दोन कडांवर टेकते आणि मधली खरी फट मोजलीच जात नाही. गेज १२ थाउ सांगते, प्रत्यक्षात १६ असतात. टोक घासून नीट करता येते, पण कडक केलेला थर पातळ असतो, तो संपेपर्यंत घासले तर काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा खळगा पडतो.

तेल कुठले वापरावे आणि पुन्हा कधी पाहावे?

मॅन्युअलने सांगितलेल्या जाडीचे. सपाट टॅपेटच्या जुन्या इंजिनांना जस्त आणि फॉस्फरसचे झीजरोधक जास्त असलेले तेल लागते. जस्ताचे प्रमाण साधारण १००० ते १२०० पीपीएम किंवा थोडे वर असावे. आजच्या गाड्यांच्या पातळ तेलांत ते कमी ठेवलेले असते, कारण ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधते.

पहिले तेल आणि फिल्टर ५०० किलोमीटरच्या आतच बदला, बांधणीतला सारा किस त्यात असतो. त्याच वेळी कव्हर काढा, मॅन्युअल सांगत असेल तर हेडचे टॉर्क पुन्हा द्या, गॅप लावा आणि इंजिन आयडलला ठेवून तो क्रमांकांचा कागद पुन्हा भरा. कालच्या खुणा आणि आजच्या खुणा शेजारी ठेवल्या की कोणता रॉकर मागे पडू लागलाय ते कळते.